मिठाच्या पाण्यातलं बी

नागपूरहून नवराबायकोच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा पौर्णिमाची पेटी ओसरीवर भरून ठेवलेली होती. तीनदा दिवस राहिले, तीनदा गर्भ पडला. आता तिला तिरोडीला माहेरी कायमचं पोचवायचं ठरलं होतं. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून मला बोलावणं. रामपायलीत तीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं. तिचा नवरा महेंद्रही माझाच विद्यार्थी.

सासू रुख्माबाई अंगणात पेरणीचं बी निवडत होती. घमेल्यात मिठाचं पाणी, त्यात धान. वर तरंगलेले पोकळ दाणे ती ओंजळीनं काढून फेकत होती.

"वाचा सर. काय दोष निंगाला हिच्यात?"

मी वाचलं. चहा येईपर्यंत पुन्हा वाचलं.

"हिच्यात काही नाही. महेंद्रात आहे."

"माह्या पोरात? क्विंटलभराचं पोतं उचलते थो!"

मी दारातल्या चपलांकडे बोट दाखवलं. "माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे असे तेवीस जोड असतात. बीजपेशी बनताना प्रत्येक जोडातली एकच चप्पल पुढे जाते. आईच्या तेवीस, बापाच्या तेवीस, लेकराचे जोड पुरे. महेंद्रच्या दोन वेगळ्या जोडांतल्या चपला एकमेकींना शिवल्या गेल्यात. सामान पुरं आहे, म्हणून तो धडधाकट. पण वाटणी करताना कुठे एक जास्त जाते, कुठे एक कमी. मग गर्भ टिकत नाही. कधी वाटणी नीट झाली, तर टिकेलही."

"अन् हे तुमी याले शाळेत शिकवलं नाई?" सासरे खेमराज म्हणाले.

"अर्धंच शिकवलं. वाटणी कुठे बिघडते ते पान परीक्षेला येत नसे. सोडून द्या म्हणायचो."

महेंद्र चपलांकडे बघत बसला. पौर्णिमा चौकटीतून म्हणाली, "आत्याबाई, पोकळ बी निंगालं तं तुमी बी फेकता. वावर तं नाई फेकत."

मग खेमराजांनी घसा साफ केला. "आमच्या ललिताचं लग्न जमून राह्यलं सर. भावात असं काई हाय म्हटलं तं पाव्हणे पोरगी पाहाले येतीन का?"

"माझ्याकडून बाहेर जाणार नाही," मी म्हणालो. रिपोर्टात शेवटी एक ओळ होती, की भावाबहिणींचीही तपासणी करावी. महेंद्रची बहीण ललिता आत पोहे भाजत होती. ती ओळ मी वाचली नाही. पान सोडायची सवय जुनी.

रुख्माबाईनं हात पुसून पौर्णिमाच्या डोक्यावर ठेवला. "राहू दे पेटी. गावात कोनी इचारलं तं तू म्हणजो, दोष माह्यातच हाय. आमी तुले माफ केलं."

पौर्णिमानं माझ्याकडे पाहिलं. "सर, चौकात येऊन एक डाव हा कागद मोठ्यानं वाचता?"

मी कप तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता.

तिनं पेटी उचलली, चपला घातल्या आणि बसच्या रस्त्याला लागली. महेंद्र उठला, फाटकापर्यंत गेला, फाटक लावून परत आला.

"पाहा सर," रुख्माबाई पुन्हा घमेल्याशी बसत म्हणाली, "माफ केलं, तरी चालली."