खांद्यावरून घेतलेलं माप

मुलगी परदेशी गेली तेव्हा टेलरमास्तरांनी दुकानाच्या भिंतीवर जगाचा नकाशा लावला. आपल्या विमानतळापासून तिच्या विमानतळापर्यंत टेप ताणली, हिशेब केला आणि बायकोला सांगितलं, "सतरा हजार किलोमीटर. वीस तास. तुझ्या पाठीला झेपायचं नाही."

मास्तरांचं माप चुकत नाही, असं गिऱ्हाईकं सांगायची. बायको तर घरचीच, तिने ते माप मानलं. मुलगी दरवर्षी बोलवायची, आणि ही म्हणायची, "वीस तास गं बाई." अशी सहा वर्षं गेली. या उन्हाळ्यात बायको वारली.

महिन्याभराने मास्तर शटर ओढून तिकिटाच्या ऑफिसात जाऊन बसले. मुलगा मागोमाग आला.

"बाबा, या वयात कुठे निघालात? गुडघे बघा तुमचे."

"गुडघे घेऊनच जाणार आहे. इथे ठेवून नाही जात."

तिकिटाच्या बाईंनी स्क्रीनवर पाहिलं. "थेट विमान आहे, काका. साडेबारा हजार किलोमीटर. सव्वाचौदा तास."

"नीट बघा. वीस आहेत."

"मी रोज बघते, काका."

"मी चाळीस वर्षं मापं घेतोय, बाई."

बाईंनी कपाटावरचा पृथ्वीचा गोल त्यांच्यापुढे ठेवला. "मग घ्या माप."

टेप गळ्यात होतीच. मास्तरांनी ती आधी नकाशातल्या वाटेने आडवी लावली. मग दोन्ही टोकं धरून ताणली, तर ती आपोआप वर सरकली, बर्फाच्या मुलखावरून गेली आणि दोन इंच कमी भरली. त्यांनी तीनदा मोजलं.

कापड सपाट असतं, माणूस नसतो. खांद्याचं माप खांद्यावरूनच घ्यायचं, हे ते प्रत्येक कारागिराला पहिल्या दिवशी सांगत. आणि बायकोला मात्र त्यांनी कागदावरचं माप देऊन सहा वर्षं घरी बसवलं होतं.

मुलाने आवाज खाली आणला. "तरी चौदा तास आहेत, बाबा. एका जागी बसायचं म्हणजे..."

"बसण्याचं मला सांगतोस? जन्म स्टुलावर गेला माझा, त्याला पाठसुद्धा नव्हती. तिथे गादी आहे, जेवण हातात आणून देतात."

"आईला तुम्हीच नको म्हणालात."

"म्हणालो. चुकलो. चुकलेली शिवण उसवायची असते, तिच्यावर दुसरी टीप मारत नाहीत. बाई, तिकीट काढा."

दुकानात आल्यावर त्यांनी नकाशा खाली काढला, उलटा करून कोरी बाजू वर घेत टेबलावर पसरला आणि खडूने ब्लाउजच्या पाठीचा आकार काढला.

"ताईसाठी?" मुलाने विचारलं. "तिचं माप सहा वर्षांपूर्वीचं आहे तुमच्याकडे."

"हे कच्चं आहे," मास्तर म्हणाले आणि कात्री चालवली. "पक्कं तिच्या अंगावर घेईन."