बँकरचा रेटा

चॅनेलची मुलगी आली तेव्हा पारमिता घाटाच्या पुलाखाली पाठीवर पडून तारा जोडत होती. वर काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

“आणि हे कोण?” त्या मुलीनं विचारलं.

“हे व्हय?” युवराज हसला. “हे आमच्याकडं मदतीला येत्यात. झाडलोट, सामानसुमान आणणं, असलं.”

‘हे’ म्हणजे पारमिताचे वडील, भीमरत्न. निपाणीत रुळाचा तुकडा नाही, पण त्या गावच्या या माणसानं उभी हयात रेल्वेत काढली होती. कॅसलरॉकच्या घाटात मालगाडीला मागून रेटायला जे इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात. ते बँकर चालवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी पत्रा कापून, घासून, रंगवून वीतभर लांबीचा तसाच बँकर बनवला. दर रविवारी बसनं बेळगावला यायचे आणि तिथल्या शहापुरात युवराजच्या माडीवर तो चालवायचे. त्या माडीवर पूर्वी युवराजच्या आजोबांचे माग होते. माग मोडीत गेले आणि त्या लांबलचक खोलीत खेळण्यातल्या रेल्वेचा हा घाट उभा राहिला. बोगदे, पूल, रंगवलेला धबधबा. जागा युवराजची, पण राबणारी तिघं.

गाडीला पुढं दोन इंजिनं आणि मागं बँकर. तिन्ही एका चालीनं चालली तर ती गाडी, नाहीतर नुसती ओढाताण. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते. रिमोटवर वेग एकच दिला तरी प्रत्येक मोटर आपल्याच मर्जीनं पळते. पारमिता बेळगावातच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, म्हणून ते काम तिच्याकडं आलं. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, काढून ती इंजिनं तेवढी गोल रुळावर एकामागं एक सोडायची आणि त्यांच्यातलं अंतर बघत बसायची. मागचं पुढच्याला गाठायला लागलं की त्याच्या चिपमधला वेगाचा आकडा कमी करायचा, मागं पडलं की वाढवायचा. मंद चालीला वेगळा, मधल्या चालीला वेगळा, भरधाव चालीला वेगळा. त्यात तिचा अख्खा पावसाळा गेला होता.

“ही इंजिनं जुळवणं लई किचकट असतंय बघा,” युवराज कॅमेऱ्याला सांगत होता. “पण केलं. एकट्यानं.”

ती पुलाखालून बाहेर आली तोवर वडील जिना उतरले होते. बसस्टँडवर तिनं त्यांना गाठलं.

“आप्पा, चार शब्द सुनावायचे तरी हुते त्याला!”

“सुनावून काय हुतंय? चुकून न्हाय बोलला त्यो. आपलं आडनाव ठावं हाय त्याला.”

त्यानंतर भीमरत्न बेळगावला आले नाहीत. माडीवर राहिलेला बँकर न्यायलासुद्धा नाही. रविवार आला की नवा शर्ट घालून अंगणात बसायचे आणि दुपारी तो काढून ठेवायचे.

पारमिता मात्र माडीवर जात राहिली. युवराजशी हसून बोलत राहिली. राग तिनं गिळला नव्हता, दाढेखाली धरून ठेवला होता.

दिवाळीनंतर युवराजनं प्रदर्शन ठरवलं. कोल्हापूर, हुबळीकडची शौकीन मंडळी यायची होती. दारात फलक लागला: ‘संकल्पना, निर्मिती, तांत्रिक जुळवणी’, आणि खाली एकच नाव. आदल्या दिवशी तोच तिला म्हणाला, “पारू, तिन्ही इंजिनं एकदा बघून घे गं. उद्या फजिती नको.”

“बघते की.”

तिनं बघितलं. मंद आणि मधल्या चालीला हात लावला नाही. भरधाव चालीत तेवढा बँकरचा आकडा वर नेला आणि पुढच्या दोघांचा खाली आणला. उठताना तिनं बजावलं, “घाटात मधल्या चालीच्या वर जाऊ नको.”

“व्हय गं बाई, किती येळा सांगशील!”

तो जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चार माणसं बघायला लागली की युवराजचा हात कधी आवरला होता?

दुसऱ्या दिवशी माडी गच्च भरली. पहिली फेरी लोण्यासारखी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर धरले. मग कुणीतरी म्हणालं, “जोरात सोडा की जरा!” युवराजनं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

गाडी पुलाच्या वळणावर होती. मागून बँकर रेटायला लागला, पुढची दोघं हलेनात. मधल्या रिकाम्या वाघिणी एकमेकींवर चेपल्या, एक उचलली गेली, तिरपी झाली आणि मग ओळच्या ओळ धबधब्यावरून खाली फरशीवर कोसळली. कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळेच हसले.

कोल्हापूरचे एक म्हातारे गृहस्थ वाकून बघत म्हणाले, “इंजिनं जुळलेली न्हाईत ही. मागचं रेटतंय आणि पुढचं चालंना. जुळवली कुणी हो?”

सगळ्यांच्या नजरा दारातल्या फलकाकडं गेल्या. युवराजनं ओठ ओले केले.

“मीच,” तो म्हणाला.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पारमिताला त्या एका शब्दानं ऐन उन्हात ताक प्यायल्यागत गार वाटलं.

पाहुणे गेल्यावर त्यानं तिला अडवलं. “तू केलंस हे.”

“व्हय. मी केलं.”

“सगळ्यांना सांगतो. नाव सांगतो तुझं!”

“सांग की. नाव घ्यावं म्हणूनच केलं. पण त्याआधी सांगावं लागंल, आकडे माझ्या हातात कसे आले. कुणी जुळवली हुती, बँकर कुणी बनवला हुता, आणि झाडलोट कोण करत हुतं.”

तिनं रुळावरून बँकर उचलला, ओढणीत गुंडाळला आणि त्याच्या डोळ्यांदेखत पिशवीत घातला. तो आडवा आला नाही. पुढं त्यानं कुणाला काही सांगितलंही नाही. माडीला कुलूप लागलं, एवढंच तिच्या कानावर आलं.

रविवारी ती निपाणीला गेली. वडिलांच्या पुढ्यात बँकर ठेवला आणि झालं ते सगळं सांगितलं. ऐकता ऐकता भीमरत्नांच्या कपाळाला आठी पडली.

“घाटात बँकर जादा रेटला तर माणसं मरत्यात, पारू. हे असलं मुद्दाम करायचं नसतंय.”

“मेलं कोण न्हाय, आप्पा.”

“तरी पण.”

ते उठून आत गेले, पाणी पिऊन आले. बँकरची चाकं बोटानं फिरवून बघितली. मग खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली.

“त्या म्हाताऱ्यानं इचारल्यावर काय म्हणाला म्हणं त्यो?”

“मीच, म्हणाला.”

“त्वांड कसं झालतं?”

पारमितानं तोंड करून दाखवलं. भीमरत्न खांदे हलवत हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, “आता पयल्यापास्नं सांग. सावकाश सांग.”