वाऱ्याचा रकाना

सकाळचे पावणेआठ. साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात देवव्रत एका हाताने चहा पीत होता आणि दुसऱ्या हाताने फॉर्म भरत होता.

हा फॉर्म रोज भरायचा असतो; तीन आठवड्यांपासून ते काम त्याच्याकडे आलं होतं. आज टॉवर क्रेनने माल उचलायला हरकत नाही, असं त्यात लिहून द्यायचं असतं. हूक बघितला? हो. दोर-पट्टे बघितले? हो. खालची जागा मोकळी आहे? हो. शेवटचा रकाना वाऱ्याच्या वेगाचा, ताशी किलोमीटरमध्ये. तिथे त्याने लिहिलं, १८. सही केली, फोटो काढला, बांधकाम कंपनीच्या हेड ऑफिसला पाठवला.

काल पण १८ होतं. परवा पण. ती फाइल कुणी बघितली असती तर त्याला वाटलं असतं, बनारसचा वारा तीन आठवडे अगदी शिस्तीत वाहतोय!

खरं सांगायचं तर देवव्रत कामचुकार नव्हता. वाऱ्याचं मीटर असतं वर, ऑपरेटरच्या केबिनमध्ये. ऑपरेटर ढुंढिराज शिडी चढून वर पोचेपर्यंत सव्वाआठ व्हायचे, आणि फॉर्म पाठवायचा आठच्या आत. मग काय, अंदाजे. पहिल्या दिवशी त्याला थोडं कसंतरी वाटलं. चौथ्या दिवशी काहीच वाटलं नाही. आपलं सगळ्यांचं असंच होतं ना? कुठला ना कुठला रकाना आपण न बघताच भरतो.

पण तो दिवस रोजच्यासारखा नव्हता.

रिंग रोडच्या बाजूला यात्रेकरूंसाठी पाच मजली धर्मशाळा उभी राहत होती. आज तिच्यावर घुमट चढवायचा होता. चौदा फूट रुंद, फायबरचा, वर सोनेरी कळस. धर्मशाळेच्या मालकांनी त्याला भगवं कापड गुंडाळलं होतं, झेंडूच्या माळा सोडल्या होत्या आणि एका बाजूला स्वतःच्या आजोबांच्या नावाचा भलामोठा बॅनरही बांधला होता. अकरा चाळीसचा मुहूर्त. मुहूर्त काढणारे होते दुर्गाघाटावरच्या मराठी वस्तीतले यज्ञेश्वर गुरुजी, म्हणजे देवव्रतचे वडील.

"आपल्या इंजिनियरचेच बाबूजी पंडित आहेत म्हटल्यावर दुसरीकडे कशाला जायचं?" मालक म्हणाले होते. देवव्रत खूश होता. नोकरीला लागून दोन वर्षं झाली, बाबा पहिल्यांदा त्याची साइट बघणार होते.

दहा वाजता गुरुजी ई-रिक्षातून उतरले. धोतर, खांद्यावर उपरणं, हातात पिशवी.

"अरे, हेल्मेट मला पण?" ते हसले. "शेंडी मावेल का ह्यात?"

"बाबा, घाला हो. इथे नियम आहे."

"आणि त्यांना नियम नाही?" त्यांनी हात केला तिकडे मांडव होता. लाल गालिचा, वीस-बावीस खुर्च्या, नटून आलेल्या बायका, मध्ये मालकांची म्हातारी आई मांडीवर आरतीचं ताट घेऊन. हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. आणि मांडव घातला होता नेमका घुमटाला लागून, क्रेनच्या हुकाखाली!

मालकांचं म्हणणं असं की घुमट वर जाताना घरच्यांनी खालून फुलं उधळायची, आरती ओवाळायची. तशी त्यांच्या घरची हौसच होती. देवव्रतने आदल्या दिवशी एकदा तोंड उघडलं होतं. "पाच मिनट की बात है, बेटा," मालक म्हणाले, आणि त्याने तोंड मिटलं होतं.

वॉकीटॉकी खरखरला. वरून ढुंढिराज. "साहब, ई शादी का मंडप हमरे नीचे कौन लगवाया? हम ऊपर से अक्षत फेंकें का?"

"मालिक ने लगवाया है, ढुंढी भैया. पाँच मिनट का काम है."

"गिरने में तो पाँच मिनट भी नहीं लगता, साहब."

देवव्रतने आवाज कमी केला.

अकरानंतर वारा उठला. मे महिन्यातला गरम वारा, तोंडावर वाळू मारणारा. मांडवाचं कापड फडफडायला लागलं. एका काकूंचा पदर उडाला, सगळ्या हसल्या.

ढुंढिराजची एक सवय होती. कुठलाही माल असो, आधी फक्त फूटभर उचलायचा, थांबायचा, बघायचा. साडेअकराला त्याने घुमट तसाच फूटभर उचलला. खाली घुमटाला बांधलेला दोर धरून माल बांधणारा खलाशी विश्वेश उभा होता, घुमट फिरू नये म्हणून.

आणि घुमट फिरला.

बॅनरमध्ये वारा भरला तशी ती चौदा फुटांची वस्तू भोवऱ्यासारखी गरगरली. विश्वेशने दोर सोडला नाही, तो चार पावलं फरफटत गेला. घुमटाची कड मांडवाच्या खांबाला लागली, कडाड करून खांब मोडला आणि मालकांच्या आईच्या खुर्चीशेजारी पडला. किंकाळ्या! ढुंढिराजने पटकन घुमट खाली टेकवला.

लागलं कुणालाच नाही फार. विश्वेशचा गुडघा सोलला, तळहात भाजल्यासारखे लाल झाले.

वॉकीटॉकीवर ढुंढिराजचा आवाज आला. आता त्यात मस्करी नव्हती. "साहब, मीटर अब बयालीस बता रहा है. हम नहीं उठाएँगे."

बेचाळीस! फॉर्मवरच छापलेलं होतं, अडतीसच्या वर काहीही उचलायचं नाही. आणि रुंद वस्तू असेल तर त्याच्याही खूप आधी थांबायचं.

मालकांनी तणतणत येऊन देवव्रतचा वॉकीटॉकी ओढून घेतला. "क्या तमाशा है? फायबरचा आहे, फुलासारखा हलका! दोन-दोन टन लोखंड रोज उचलता तुम्ही!"

"हलका है, इसीलिए तो उड़ता है, मालिक," वरून उत्तर आलं. "लोहा अपनी जगह लटका रहता है. ई तो पतंग है."

"डरपोक! देवव्रत, दुसरा ऑपरेटर बोलवा. मुहूर्ताला दहा मिनिटं आहेत. आणि तुमच्याच सहीचा कागद आहे ना सकाळचा? वारा अठरा, सब ठीक. मग?"

कागद होता. सही होती. दुसरा ऑपरेटरही होता, नवीन होता, नाही म्हणायची त्याची हिंमत झाली नसती. एक फोन केला की काम होणार होतं. नोकरी राहणार होती. बाबांचा मुहूर्तही साधला जाणार होता. आणि घुमटाखाली दोर धरायला पुन्हा विश्वेशच उभा राहणार होता.

देवव्रत वडिलांजवळ गेला, मराठीत हळूच म्हणाला, "बाबा, मुहूर्त थोडा पुढे नाही का सरकवता येणार? तुम्ही सांगितलंत तर मालक ऐकतील. माझ्यावर येणार नाही."

गुरुजींनी त्याच्याकडे बघितलं. "ते अठरा कुठून आलं?"

"अं?"

"कागदावर अठरा आहे म्हणतात. वरचा माणूस बेचाळीस म्हणतोय. तू सकाळी बघितलं होतंस?"

देवव्रत म्हणाला, "नाही. रोज तेच लिहितो. सगळेच लिहितात, बाबा."

"अस्सं." गुरुजींनी पिशवी खाली ठेवली. "मी चाळीस वर्षं लोकांना संकल्प सांगतोय. दर पूजेला. आजचा वार, आजची तिथी, आजचं नक्षत्र, ही जागा, हा माणूस. पाठ आहे म्हणून कालचीच तिथी म्हणून टाकली तर? यजमानाला कळणार पण नाही. त्याला कुठे संस्कृत येतं? पण ती पूजा मग कुणाची झाली रे?"

"बाबा, ही पूजा नाहीये. फॉर्म आहे."

"माझी तिथी चुकली तर कुणी मरत नाही, देवव्रत! तुझी चुकली तर तो पोरगा मरतो!" त्यांनी विश्वेशकडे बोट केलं. तो पायरीवर बसून गुडघ्यावर पाणी ओतत होता. "मुहूर्त मी पुढे ढकलीन. मिनिटभराचं काम आहे. पण मग लोक काय म्हणतील? पंडितजींनी वेळ बदलली. तुझा कागद खराच राहील, उद्या पुन्हा अठरा लिहायला तू मोकळा. नाही. आधी तू बोल. मग मी बोलतो."

देवव्रतने मागे वळून बघितलं. बावीस खुर्च्या त्याच्याकडे बघत होत्या.

तो मांडवाच्या मध्ये गेला. आवाज फाटला, पण निघाला. "मालिक, वो कागज झूठा है. मैंने हवा देखी नहीं थी. बिना देखे लिखा. तीन हफ्ते से लिख रहा हूँ. ढुंढी भैया सही हैं. आज घुमट नहीं उठेगा. और आप सब लोग यहाँ से हटिए, अभी!"

मांडवाचं कापड फडफडत होतं.

मालकांचा चेहरा लाल. "तुम्हें पता है तुम क्या बोल रहे हो? हेड ऑफिसला फोन करू?"

"करा. मी पण करणारच आहे."

तेव्हा गुरुजी पुढे आले. "सेठजी, मुहूर्त मैंने निकाला है. पंचांग में तिथि मिलती है, हवा नहीं मिलती. हवा उसके मीटर में मिलती है," त्यांनी वर बोट केलं. "आज का मुहूर्त मैं वापस लेता हूँ. जिस घर में हजारों यात्री सोएँगे, उसकी शुरुआत किसी की अर्थी से करनी है क्या?"

मालक काहीतरी बोलणार होते. पण त्यांच्या आईने आरतीचं ताट बाजूला ठेवलं, शेजारी पडलेल्या खांबाकडे बघितलं, मग वर हुकाकडे.

"बबुआ, ई गिरता तो हमरे ऊपर गिरता?"

"अम्मा, ऐसा कुछ नहीं..."

"सीधा जवाब दे."

मालकांनी होकारार्थी मान हलवली.

"तो हम पेड़ के नीचे बैठेंगे," म्हातारी उठली. "तुमको यहाँ बैठना हो, बैठो. आरती हम तुम्हरी उतार देंगे." कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग बायका खुर्च्या उचलून निघाल्याच.

त्या दुपारी देवव्रतने हेड ऑफिसला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. तो चांगलाच झापला गेला, लेखी ताकीद मिळाली. पण एक झालं. त्याने विचारलं, "सर, ऑपरेटर वर पोचतो सव्वाआठला, मग आठच्या आत खरा आकडा येणार कुठून?" दुसऱ्या दिवसापासून फॉर्मची वेळ साडेआठ झाली. इतकं सोपं होतं! तीन आठवडे कुणी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. सकाळी साडेआठला ढुंढिराजने वरून सांगितलं, "नौ." देवव्रतने त्याच्याकडून आकडा दोनदा वदवून घेतला. बॅनर आणि कापड काढून टाकलं होतं. पूजा आधीच, लांब, लिंबाच्या झाडाखाली झाली होती. घुमटाच्या वाटेभोवती चारी बाजूंनी दोरी लावली होती. विश्वेशला सुट्टी दिली होती. लांब दोर धरून दुसरे दोघे उभे होते, घुमटापासून चांगले दूर.

घुमट हळूहळू वर गेला. पाच मजले. अजिबात न फिरता. टेकला, बोल्ट बसले, आणि वरून ढुंढिराज ओरडला, "हर हर महादेव!" खालून दोरीच्या बाहेरून सगळ्यांनी साथ दिली. मालकांनीसुद्धा. त्यांनी नंतर ढुंढिराजला खाली बोलावून मिठाईचा डबा दिला. माफी मागितली नाही, पण डबा दोन्ही हातांनी दिला.

मित्रांनो, आपल्या गावात आता जिकडे तिकडे क्रेन उभ्या आहेत. त्यांच्याखालून आपण जातो, आपली मुलं जातात. वर लटकणारा माल हलका की जड, कुणाच्या हौसेचा, कुठल्या मुहूर्ताचा, हे वाऱ्याला माहीत नसतं. म्हणून तीन गोष्टी करूया. लटकत्या मालाखाली उभं राहायचं नाही, कितीही मोठ्या माणसाने खुर्ची मांडून दिली तरी. जो कामगार "थांबा" म्हणतो त्याला भित्रा म्हणायचं नाही, कारण धोका सगळ्यात आधी त्यालाच दिसतो. आणि आपली सही करताना आधी डोळे उघडून बघायचं. न बघता लिहिलेला एक आकडा माणूस मारू शकतो. आणि "मी बघितलं नव्हतं, माझं चुकलं" एवढं वेळेवर बोललं, तर तोच माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जातो!