एद्फूचा थांबा

माझी थोरली बहीण तफीदा झगाझीगच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. आमच्याकडे थोरल्या बहिणीला आब्ला म्हणतात आणि शाळेतल्या बाईंनाही आब्लाच म्हणतात. त्यामुळे अर्ध्या गावाची ती आब्ला आहे. मी तर तिचा भाऊही आहे आणि मुलींच्या शाळेत न जाताही तिचा विद्यार्थी आहे. कैरोत कर खात्यात मी लोकांना घाम फोडतो. तिचा फोन आला की उठून उभा राहतो.

दर वर्षी सहामाही सुट्टीत शाळेची सहल लक्सर-अस्वानला जायची. ज्या मुली जाणार नसत त्यांच्यासाठी एका बाईंना मागे थांबावं लागे. ज्या बाईंना नवरा नि मुलं होती त्यांना विश्रांतीची गरज होती, म्हणून त्या सहलीला जात. आब्लाला दोन्ही नव्हतं, म्हणजे ती मुळातच विश्रांती घेत असली पाहिजे, असं मुख्याध्यापकांचं मत पडलं. मुख्याध्यापक बदलत गेले, मत तेवढं कायम राहिलं. ‘पुढच्या वर्षी नक्की हं, आब्ला तफीदा!’ पुढच्या वर्षी ती पुन्हा शाळेच्या अरुंद गल्लीत उभी राहून सहलीची बस मागे काढून द्यायची. ये, ये, डावीकडे, अजून ये, बस्स! मग सर्रकन बस निघून गेली की ती अंगावरची धूळ झटकायची आणि उरलेल्या मुलींना एद्फूच्या देवळाचा धडा शिकवायची. पुस्तकातलं चित्र इतकं काळं छापलेलं असायचं, की मुली त्याला कोळशाची वखार म्हणायच्या. ही वखार प्रत्यक्षात कशी दिसते हे आब्लाला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

एका सकाळी तिचा फोन आला.

“रिफअत, सामान भर. बोटीनं जायचंय.”

“कुठे?”

“एद्फूला.”

“अगं आब्ला, लोक लक्सर बघायला जातात, अस्वान बघायला जातात. एद्फू वाटेत लागतं.”

“बरं. मग लक्सर वाटेत लागेल.”

“पण गुडघ्यांचं काय? डॉक्टर म्हणाले ना, थोडं बरं वाटलं की पुढच्या वर्षी...”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी हो म्हणायच्या आत माझ्या बायकोनं माझी बॅग भरली होती. एवढ्या उत्साहानं तिनं ती कधीच भरलेली नाही.

लक्सरला आम्ही बोटीवर चढलो. चार मजले, वर डेक, डेकवर बादलीएवढा पोहण्याचा तलाव, आणि खाली एक दिवाणखाना, ज्यात सगळं सोनेरी होतं, अगदी राखदाणीसुद्धा. प्रवासी बहुतेक आमच्यासारखेच, सुट्टीत पोरंबाळं घेऊन आलेले. कर्नाकच्या देवळात आब्लानं खांबांकडे पाहिलं. परीक्षेला न येणाऱ्या धड्याकडे मुली बघतात तसं. “छान आहे,” ती म्हणाली. “उद्या सकाळी एद्फू ना?”

पण एस्नाला बंधाऱ्याच्या दरवाज्यापाशी बोटींची रांग लागली होती. पाणी चढवून एकेक बोट वर सोडतात, आणि आमचा नंबर येईपर्यंत सकाळ गेली, जेवणं झाली, माणसं पेंगली. खालून होड्यांतले विक्रेते गलबियांच्या, म्हणजे पायघोळ झग्यांच्या, घड्या थेट डेकवर भिरकावत होते. आवडली तर ठेवायची आणि पैसे पिशवीत घालून खाली टाकायचे. वेळ बरा जात होता. तेवढ्यात बोटीचे व्यवस्थापक उस्ताद हिल्मी, म्हणजे हिल्मीसाहेब, हातात भोंगा घेऊन आले. माणूस देखणा, सूट इस्त्रीचा, आवाज लग्नातल्या सूत्रसंचालकाचा.

“मंडळी, एक आनंदाची बातमी! उशीर झाल्यामुळे एद्फूला उतरण्याची दगदग आपण टाळलेली आहे. भाजी आणि बर्फ चढवायला तेवढं थांबू आणि लगेच निघू. देऊळ डेकवरून छान दिसतं. त्या वेळी डेकवर चहा आणि केक!”

केक म्हटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या देशात मोठमोठे निर्णय असेच झालेले आहेत.

आब्ला उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “मला उतरायचंय.”

“हाज्जा, माझ्या आईसारख्या तुम्ही,” उस्ताद हिल्मी वयस्कर बाईला द्यायचा मान देत, छातीवर हात ठेवून म्हणाले. “तुम्हाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल. मग कोणी टांग्यावरून भांडणार, कोणी बाजारात हरवणार. पुढच्या थांब्याला, कोम ओम्बोला, पोचायला मध्यरात्र होईल. पुढच्या वर्षी या ना! मी स्वतः नेईन तुम्हाला.”

‘पुढच्या वर्षी’ हे शब्द ऐकल्यावर मी हळूच दोन पावलं मागे सरकलो. पण आब्ला नुसती मान हलवून परत खुर्चीवर येऊन बसली. मला तेव्हाच बोटीची काळजी वाटायला हवी होती.

एद्फूला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. धक्क्याला लागूनच एक जागा नुकती रिकामी झाली होती. आमची बोट तिथे बरोब्बर शिरली. फळी टाकली, टोमॅटोच्या पेट्या आत यायला लागल्या. डेकवरून देऊळ खरंच दिसत होतं. घरांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे आणि एका डिश अँटेनाच्या मागे दोन दगडी टोकं.

“कोळशाची वखार बरी होती,” आब्ला म्हणाली.

मग ती नदीकडे वळली. निळ्या पट्ट्याची एक बोट मधल्या पात्रात फेऱ्या मारत होती. धक्का पूर्ण भरला होता. अशा वेळी उशिरा आलेली बोट आधीच्या बोटीला बाहेरून चिकटून उभी राहते आणि तिचे प्रवासी हिच्या दिवाणखान्यातून चालत किनाऱ्यावर जातात. कधीकधी पाच-पाच बोटी अशा खेटून उभ्या असतात. भलत्याच बोटीवर जेवून, ‘आज सूप बरं होतं’ म्हणत परतलेले लोक मला माहीत आहेत. आत अडकलेल्या बोटीला मात्र बाहेरची हलेपर्यंत हलता येत नाही.

आब्ला हे सगळं लक्सरपासून बघत आली होती. मी नव्हतो बघत. मी गलबिया बघत होतो.

उस्ताद हिल्मी खाली बर्फ मोजून घेत होते. त्यांनी एका खलाशाला सांगितलेलं मी ऐकलं, “त्या निळीला हात कर, म्हणावं आम्ही निघतोय, जवळ येऊ नको.” खलाशी जिना चढून वर येईपर्यंत आब्ला कठड्याशी पोचली होती. डोक्यावर पांढरी शुभ्र ओढणी, एक हात वर.

“ये!” ती ओरडली. “ये, ये, ये! डावीकडे घे! डावीकडे म्हणते ना!”

आता आमच्या लोकांचं एक आहे. वाहन लावताना फुटपाथवरून कुणी ‘ये, ये’ म्हणत हात हलवला, की आम्ही येतो. हा कोण, याला अधिकार कोणी दिला, तो धड शुद्धीवर तरी आहे का, हे कैरोत आजवर कुणी विचारलेलं नाही. हाताची लय बरोबर असली की झालं. आणि आब्लाच्या हाताची लय शाळेच्या गल्लीत अशी घोटली गेली होती, की बोट वळायला लागली. निळ्या बोटीचा कप्तान खिडकीतून मान बाहेर काढून तिच्याकडेच बघत होता. पागोटं, पांढऱ्या मिशा.

“मागून सरळ कर! अजून ये... अजून... बस्स!”

बोटींच्या कडेला टांगलेले टायर एकमेकांवर घासले. दोर पडले. वर आलेला खलाशी तोंड उघडं टाकून उभा राहिला आणि मग सवयीनं त्यानं दोर बांधून टाकला.

उस्ताद हिल्मी धावत वर आले. बर्फाचं पाणी त्यांच्या बुटांवर ठिबकत होतं.

“कप्तान! अहो कप्तान! सोडा दोर! आम्हाला निघायचंय!”

निळ्या बोटीचे कप्तान रईस अब्दुलमोईन (नदीवर कप्तानाला रईस म्हणतात) शांतपणे कठड्याशी आले. माणूस एस्नाकडचा, आवाज खोल. “निघायचं होतं तर बोलावलंत कशाला?”

“मी नाही बोलावलं!”

“तुमच्या बोटीवरून बोलावलं. मोठ्या माणसानं बोलावलं. चारचौघांत बोलावलं.” त्यांनी आब्लाकडे बोट दाखवलं. “काय हो हाज्जा, बोलावलंत का नाही?”

“बोलावलं तर,” आब्ला म्हणाली. “या ना. चहा घ्या. आमच्याकडे केकपण आहे.”

“ऐकलंत?” रईस अब्दुलमोईननी छातीवर हात ठेवून तिला मान लववली आणि मग हिल्मींकडे वळले. “ही आमच्या घरची रीत नाही, उस्ताद. दारात बोलवायचं आणि पाहुण्यानं चपला काढल्या की जा म्हणायचं. कैरोकडे चालत असेल. माझी माणसं देऊळ बघायला चाललीत, ती आली की मी सोडीन दोर. तोवर इंजिन बंद.”

“पण त्या आमच्या कुणी नाहीत! म्हणजे, प्रवासी आहेत त्या!”

“म्हातारीला नाकारता? तिच्या तोंडावर?”

हिल्मींनी माझ्याकडे बघितलं. मी नदीकडे बघितलं. नदी या बाबतीत अनुभवी आहे.

“चहात साखर किती घेता?” आब्लानं रईसना विचारलं आणि उत्तर ऐकून घेऊन पर्स उचलली. निळ्या बोटीचे प्रवासी एव्हाना आमच्या सोनेरी दिवाणखान्यातून लोंढ्यानं चालले होते. टोप्या, कॅमेरे, पोलिश की कुठली भाषा. “कोणीही उतरू नका, कोणत्याही क्षणी निघू!” असं हिल्मी भोंग्यातून आमच्या लोकांना सांगत होते. आब्ला त्या लोंढ्यात घुसली. मी तिच्या मागे.

टांग्यात ती एकच वाक्य बोलली. टांगेवाल्यानं घोड्याला चाबूक दाखवला तेव्हा म्हणाली, “त्याला मारलंस तर उतरून मी तुला मारीन.” घोडा आपणहून पळायला लागला.

आणि मग देऊळ आलं.

मला वाटलं होतं, ती आता सुरू करील. टॉलेमीपासून सगळं. प्रवेशद्वाराच्या त्या दोन भिंती इतक्या उंच होत्या, की मान मागे टाकून बघताना माझा चष्मा पडला. दगड मधाच्या रंगाचा, त्यावर तिरपं ऊन. पुस्तकातलं काळं काहीच नव्हतं त्यात. आब्ला नुसती उभी होती. दोन्ही हातांनी पर्स पोटाशी धरून. बऱ्याच वेळानं म्हणाली, “मुली काय चुकीचं शिकल्या माझ्याकडे!”

“अगं, छपाई वाईट होती.”

“गप्प बस, रिफअत.”

ती आत चालू लागली. अंगण, मग खांबांचा मंडप, मग दुसरा मंडप. एकेक दालन आधीच्यापेक्षा अंधारं आणि छोटं. ती प्रत्येक खांबापाशी थांबत होती, हात मागे बांधून, शिपाई ओरडू नये म्हणून. गुडघ्यांची तक्रार नाही. माझ्या गुडघ्यांनी मात्र सुरू केली होती.

दुसऱ्या मंडपात होतो तेव्हा नदीकडून भोंगा वाजला, लांब आणि जड. निळी बोट माणसं गोळा करत होती. पोलिश लोक घड्याळं बघत माघारी वळले. आणि त्या गर्दीतून उलट दिशेनं, घामानं निथळत, सुटाचं बटण उघडं टाकून उस्ताद हिल्मी आले.

“हाज्जा! चला! रईस दोर सोडतायत! पाच मिनिटांत बोट निघणार!”

“गाभारा राहिलाय,” आब्ला म्हणाली.

“बोट थांबणार नाही, हाज्जा. मी सांगून ठेवतोय.”

“जाऊ दे तिला.”

माझी रक्तदाबाची औषधं बोटीवर होती. तिचेही कपडे, गुडघ्याचं मलम, सगळं तिथेच होतं. मी म्हणालो, “आब्ला, पाच मिनिटांत बघून होईल का?”

“नाही होणार. तू जा. खरंच जा, मी रागावणार नाही. मी बसनं येईन. या गावाला बस असेल ना?”

मी भोंग्याच्या दिशेनं एकदा पाहिलं. मग तिच्या हातातली पर्स घेतली, कारण ती जड होती, आणि तिच्या पुढे झालो.

“अहो, असं करू नका!” हिल्मी आमच्या मागून येत म्हणाले. “प्रवासी मागे ठेवून गेलो तर माझी नोकरी जाईल.”

“मग तुम्ही बोटीवर कशाला परत जाताय?” आब्लानं विचारलं. “तुमच्याशिवाय कप्तान निघेल का?”

“नाही निघणार,” हिल्मी म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

“मग चला. बाहेर ऊन आहे.”

ते आले. दुसरं काय करणार होते? ती जितकी आत जाई तितकं त्यांनाही आत यावं लागे. गाभाऱ्यात एका गुळगुळीत काळपट दगडाची एकसंध देवळी होती, माणसापेक्षा खूप उंच, आणि छतातल्या फटीतून आलेली उजेडाची एक तिरीप. बाहेर भोंगा पुन्हा वाजला. या वेळी आमच्या बोटीचा, जरा रडवेला.

हिल्मी वर बघत होते. हळू आवाजात म्हणाले, “हे आतून असं आहे होय?”

“म्हणजे?” मी विचारलं. “तुम्ही आला नाहीत कधी?”

“कामातून वेळ कुठे मिळतो, उस्ताद? भाजी, बर्फ... डेकवरून दिसतं ना.”

आब्लानं त्यांच्याकडे वळून पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. वर्गात उशिरा प्रवेश घेतलेल्या मुलीकडे ती अशीच बघत असणार.

“अंधार पडायच्या आत मागची भिंत बघायचीय,” ती म्हणाली. “तिच्यावर सगळी गोष्ट कोरलीय, होरस देवानं काकाशी केलेल्या लढाईची. भिंत लांब आहे. उभं राहवत नसेल तर आत्ताच सांगा.”

“नाही, येतो की,” हिल्मी म्हणाले.

दारापाशी शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला. “बंद झालं, हाज्जा. चला, चला. उद्या या.”

आब्ला चालायची थांबलीसुद्धा नाही. “हे साहेब बोटीचे व्यवस्थापक आहेत,” ती त्याला म्हणाली. “त्यांच्याशी बोल.”

उस्ताद हिल्मींनी एकदा तिच्या पाठीकडे पाहिलं, मग शिपायाकडे. मग सुटाचं बटण लावलं, छातीवर हात ठेवला आणि लग्नातल्या आवाजात म्हणाले, “भाऊ, माझ्या आईसारख्या आहेत त्या. भिंत बघून होईपर्यंत कुलूप लावू नकोस.”