जी-एलचा खण

त्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम होता, आणि तो ऐकून नवी माणसं हसायची. इंग्रजी शब्दाचा आपल्या भाषेतला अर्थ लिहायचा, पण ती वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाही. मग दुसऱ्या कुणीतरी तीच वस्तू पाहायची आणि चिठ्ठीच्या तळाशी सही करायची. दोन सह्या झाल्या की अर्थ पक्का. उंटाच्या चिठ्ठीपायी एक सहायक आठवडाभर बाहेरगावी राहून आला होता. त्यानं काम चोख केलंय हे कुणाला विचारावंच लागलं नाही, त्याच्या सदऱ्याच्या वासावरून कळलं.

जी आणि एल या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दांचा खण थोरल्या बहिणीकडे होता. दुसरी सही धाकटीची. दोघींची लग्नं झाली नव्हती, राहायच्या एकाच घरात आणि बसायच्याही एकाच टेबलाशी. त्यांचा खण मोठा मायावी. ग्लो, ग्लीम, ग्लिंट, ग्लिमर, ग्लिसन, ग्लॉस. सगळा उजेडाचा गोतावळा, आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा. थोरली हट्टी, तिनं प्रत्येकाला त्याचं त्याचं बिऱ्हाड शोधून दिलं. धुतलेल्या फरशीवरची ओली चकाकी ग्लिसनला दिली, नव्या कापडाची तकाकी ग्लॉसला. निवत आलेल्या निखाऱ्याची लाली ग्लोच्या वाट्याला आली. ग्लिमरसाठी तर दोघी अख्खी दुपार एका जुन्या विहिरीवर ओणवून बसल्या. तळाशी पाणी मिणमिणत होतं, विझतंय म्हणावं तोवर पुन्हा हलायचं. धाकटीला त्या दुपारी वाटलं होतं की हे काम कधी संपूच नये.

मग ग्लेअरची पाळी आली. डोळे दिपवणारा, नको वाटणारा उजेड. दिवेलागणीला दोघी नाक्यावरच्या मोठ्या दिव्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. थोरली बराच वेळ वर बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू उमटलं.

"दिव्याभोवती रंगीत कडी आहेत," ती म्हणाली. "तुलाही दिसतात ना?"

धाकटीनं पाहिलं. साधा दिवा होता, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

त्यांच्या आईची नजर गेली, त्याची सुरुवातही अशाच कड्यांपासून झाली होती. आईला सात वर्षं हाताला धरून फिरवलं ते थोरलीनंच. माझ्यावर ही वेळ आली तर मी जगायची नाही, असं ती एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली होती, अगदी सहज. शिवाय नजर गेली की खण दुसऱ्याकडे जाणार, आणि खण गेला की ताईकडे उरणार काय? हे सगळं धाकटीच्या मनात एका क्षणात येऊन गेलं.

"दिसतात की," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कड्यांसकट लिहिलेल्या चिठ्ठीवर सही केली.

नुसता थकवा असेल, जाईल, असं तिनं स्वतःला बजावलं. पण त्यानंतरच्या चिठ्ठ्या मऊ होत गेल्या. खणातला सगळा उजेड सायीसारखा दाटला, कडा नाहीशा झाल्या. वाचायला गोड वाटायचं, स्वप्नात चालल्यासारखं. थोरली दाराच्या डाव्या चौकटीवर आपटायची आणि स्वतःलाच वेंधळी म्हणायची. धाकटीनं मुकाट्यानं डावीकडची खुर्ची हलवली, चहा ओतायचं काम आपल्याकडे घेतलं, सह्या करत राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. असे चार महिने गेले.

मुख्य संपादकांना ग्लेअरची चिठ्ठी खटकली. नियम त्यांचाच, त्यामुळे तेही संध्याकाळी नाक्यावर जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी टेबलाशी आले आणि त्यांनी हळू आवाजात विचारलं, "ही कडी दोघींनाही दिसली?"

थोरली हो म्हणाली आणि बहिणीकडे वळली. धाकटीला वर बघता येईना.

"मला नव्हती दिसली, ताई," ती म्हणाली. "कधीच नाही."

थोरलीनं खण लावला आणि चप्पल पायात सरकवली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासायला तासभर घेतला. काचबिंदू आहे म्हणाले, आणि कागदावर इंग्रजीत लिहिलं, ग्लॉकोमा. हा तर आपल्याच खणातला, इथवर पोचायचा राहिला होता, असं थोरली कोरडेपणानं म्हणाली. उजवा डोळा वाचेल. डावा गेल्यातच जमा, तो परत येणार नाही. चार महिन्यांपूर्वी आला असतात तर वेगळं झालं असतं, असं डॉक्टर औषध लिहिता लिहिता बोलून गेले.

बाहेर पडल्या तेव्हा रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागत होते. धाकटी नेहमीसारखी तिच्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागे. दोन चौक मागे पडले.

"तू मला भीतीपासून वाचवलंस," शेवटी थोरली म्हणाली. "डोळा नाही वाचवलास."

धाकटी रडायला लागली. माफ कर म्हणायची तिची हिंमत होईना. थोरलीला राग आला होता, आणि तो लवकर जाणारा नव्हता. दोघींनाही ते ठाऊक होतं. रस्ता ओलांडायच्या जागी गाड्या थांबेनात. थोरलीनं मान पूर्ण वळवून डावीकडे पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं, आणि तिचं पाऊल उचलेना. किती तरी वेळ ती तशीच उभी राहिली.

"अशी उजवीकडे काय चालतेस," ती म्हणाली. "त्या बाजूचं मला दिसतं. इकडे ये, डावीकडे."