दारासाठी फिरवलेलं घर

माजलगावच्या धान्याच्या मोंढ्यासमोर, भांड्यांच्या दुकानावर केदारनाथ काकांचं ऑफिस होतं. तिथं चपला बाहेर काढूनच आत जावं लागायचं. आत देव नव्हता, कॉम्प्युटर होता. लातूरच्या एका व्यापाऱ्यानं तो "वापरून बघा, नाही पटला तर परत नेतो" असं म्हणून ठेवलेला. काकांना काही तो अजून पटला नव्हता. रुद्राणीला मात्र पहिल्याच दिवशी पटलेला.

रुद्राणी म्हणजे काकांच्या थोरल्या भावाची मुलगी. नववीत होती, दोन वेण्या, आणि तोंडाला सुट्टी नाही. शाळा सुटली की दप्तरासकट जिना चढायची. काका कागदावर नकाशा काढायचे, ती तो ऑटोकॅडमध्ये उतरवायची. जाडजूड इंग्रजी पुस्तक मांडीवर आणि डिक्शनरी टेबलावर ठेवून ती ते शिकली होती. आता तिला वाटायचं, अख्खं माजलगावचं धरणसुद्धा आपण माऊसनं उचलून पलीकडं ठेवू.

पण त्या शनिवारी एक साधं घर जागेवर बसेना.

घर तेलगावच्या अर्जुनरावांचं. पुढच्या खोलीत खत-बियाण्याचं दुकान, मागं आणि वर राहायला. भिंतींचा नकाशा काकांचा, कॉलमचा हिशोब अंबाजोगाईच्या संगमेश्वर सरांचा. दोघांचं जुळतं का, हे आजवर फोनवर ठरायचं. "पहिला कॉलम किती फुटावर?" "दहा." "बसतंय." की झाले खड्डे सुरू! या वेळी पहिल्यांदाच दोन्ही नकाशे कॉम्प्युटरवर एकमेकांवर ठेवून बघायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेलगावात चुन्यानं आखणी होती. काकांनी आधीच बजावलेलं, "रुद्रे, हे नीट झालं तर डबा राहील. न्हाई झालं तर आजच लातूरला फोन. घेऊन जा म्हणतो."

डबा! रुद्राणीला ते इतकं लागलं, की तिनं ओढणीनं पडदा पुसून कॉम्प्युटरची समजूत काढली.

दुपारी संगमेश्वर सर एसटीनं आले. शर्टाच्या खिशात फ्लॉपी, तीही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. पाठोपाठ जीपमधून अर्जुनराव आणि त्यांची बायको छबुबाई. सगळे पडद्याभोवती दाटीवाटीनं उभे राहिले. रुद्राणीनं काकांच्या हिरव्या भिंती उघडल्या, त्यांवर सरांचे लाल कॉलम आणले आणि कोपऱ्याला कोपरा लावला. चारी कोपरे असे चपखल बसले, की तिनं टाळीच वाजवली.

ती टाळी घाईची झाली. एक लाल चौकोन बरोबर मुख्य दारात उभा होता. एक न्हाणीच्या मधोमध. एक ओट्यावर, शेगडी ठेवायची तिथंच.

"संगमेश्वर, तुमच्या अंबाजोगाईत कॉलम दारात उभे करतात का?" काकांनी विचारलं.

"आणि तुमच्या माजलगावात कॉलम बघून दारं पाडतात का?" सर म्हणाले.

अर्जुनरावांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी पाव्हण्यानं आदी खांबाला मिठी मारायची, आन् मंग आत यायचं?"

"थांबा, सरकवते," रुद्राणी म्हणाली. तिनं सगळे कॉलम एकदम उजवीकडं ढकलले. दार मोकळं झालं, न्हाणी मोकळी झाली, पण तीन कॉलम घराबाहेर जाऊन उभे राहिले, एसटीची वाट बघत असल्यासारखे. डावीकडं ढकलले, तर सगळे शेजाऱ्याच्या वावरात.

"सर, तुमची मापं चुकली."

"माझी मापं? माझी?" सरांनी चष्मा काढला. "केदारनाथ, कोपरे बघा. माप चुकलं असतं तर कोपरे बसले असते का?"

ते खरं होतं, आणि तीच तर पंचाईत होती. कोपरे सांगत होते, सगळं बरोबर आहे. कॉलम सांगत होते, काहीच बरोबर नाही. काकांचा हात फोनकडं गेला.

"काका, थोडं थांबा ना! थोडंच!"

या भांडणात छबुबाईंना काही राम वाटेना. त्यांनी स्टूल ओढून रुद्राणीच्या शेजारी बैठक मारली. "भांडू दे त्यान्ला. तू मला माजं देवघर दाखव, पोरी."

"हे बघा काकू, इथं." रुद्राणीनं पडद्यावर खालच्या डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं.

पडद्याच्या कडेला उत्तरेचा बाण होता आणि तो सरळ वर बघत होता. वर उत्तर, तर खाली दक्षिण. डावीकडं पश्चिम. म्हणजे देवघर नैऋत्येला!

"काकू, तुमचं देवघर कोणत्या दिशेला?"

"ईशान्येला! दुसरीकडं कुटं आस्तंय व्हय?"

रुद्राणीला आता सगळंच आठवलं. अर्जुनरावांच्या जागेला रस्ता उत्तरेकडं. म्हणून काकांच्या मूळ नकाशात मुख्य दार कागदाच्या वरच्या बाजूला होतं. मागच्या खेपेला छबुबाई तो बघून कडाडल्या होत्या, "आवो, दार वर कावून? घर वटवाघळावानी उलटं टांगलंय की!" काकांनी दिशा समजावल्या, रस्ता समजावला, छबुबाई हलेनात. शेवटी काका कंटाळून म्हणाले होते, "फिरव गं बाई एकदाचं." रुद्राणीनं अख्खं घर अर्धा फेरा फिरवलं, उलटी झालेली अक्षरं एकेक करून सरळ केली, आणि शाबासकी घेतली. बाण मात्र घराबाहेर, कागदाच्या चौकटीत होता. तो फिरलाच नाही. शिवाय तीच फाईल तिनं पक्की करून ठेवली; सरांकडं मात्र आधीचाच नकाशा गेला होता.

आता सांगितलं तर चूक तिची, आणि डबा लातूरला. नाही सांगितलं तर उद्या खड्डे उलटे. पहिल्यांदाच तिच्या तोंडाला कुलूप लागलं. मग तिनंच ते उघडलं.

"काका, सरांचं चुकलं नाही. तुमचंपण नाही. घर मी फिरवलंय. त्या दिवशी, दार खाली आणायला. बाण फिरवायचा राहिला."

सर खो खो हसत सुटले. "म्हणजे मी उत्तरेला तोंड करून बसलोय आणि तुमचं घर मला पाठ दाखवतंय!"

काका हसले नाहीत. "मग फिरव आता सरळ," एवढंच म्हणाले.

तिनं घाईघाईत घराचा एक कोपरा धरला आणि फिरवलं. घर त्या कोपऱ्याभोवती गर्रकन वळून शेजारच्या वावरात जाऊन पडलं.

"आरं, हे तर राधाकिशनच्या रानात गेलं!" अर्जुनराव खूश झाले. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, तिथंच ऱ्हाऊ द्या!"

रुद्राणीनं घर परत आणलं. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारली, तिचा मध्य पकडला, आणि त्या मध्याभोवती फिरवलं. घर जागच्या जागी वळलं. लाल चौकोन एकामागून एक हिरव्या भिंतींत जाऊन बसले, जेवणाच्या पंगतीत बसल्यासारखे.

एक सोडून. तो जिन्याच्या तोंडाशी उभा होता.

"आता हा कावून?" काकांनी विचारलं. रुद्राणीनं झूम करून बघितलं, मापं बघितली, दिशा बघितल्या. काही चुकलेलं नव्हतं. तिला रडूच यायला लागलं.

सर मात्र खाली वाकले. "थांब पोरी, ही तुझी चूक नाही. केदारनाथ, हा जिना तुम्ही नंतर हलवलात?"

"हलवला की."

"मला सांगितलंत?"

काकांनी छताकडं बघितलं. "तेवढं राहिलंच."

"म्हणजे उद्या हा खड्डा खणला असता आपण!"

काकांनी अचानक मांडीवर थाप मारली. "संगमेश्वर, माझ्या घरात असाच एक हाय! जिन्याच्या तोंडाशी! लग्नातलं कपाट अजून खालीच हाय, वर जातंय कुठं? फोनवर सगळं बसलं होतं की!"

सरांनी कागद ओढला, बीमचा हिशोब केला आणि सांगितलं, "दोन फूट सरकवून भिंतीत घ्या, काही बिघडत नाही."

"रुद्रे, सरकव."

"सरकवते," रुद्राणी नाक पुसत म्हणाली, "पण आधी दोघांनी कबूल करा. ह्यापुढं उत्तर वर म्हणजे वर. कुणाला घर फिरवून बघायचं असलं तर कागद फिरवायचा. फाईल फिरणार नाही."

"कबूल," सर म्हणाले.

"लई मोठी लागून गेलीस गं!" काका म्हणाले, पण त्यांनी मान हलवली. मग फोन उचलून लातूरचा नंबर फिरवायला लागले. रुद्राणीनं दोन्ही हातांनी माऊस धरून ठेवला.

"हां, शेटजी? केदारनाथ बोलतोय माजलगावहून. त्या मशीनचं बोलायचं होतं. न्हाई, न्हाई, न्यायला येऊ नका. मला विचारायचं होतं, ह्याच्यापेक्षा मोठा पडदा मिळतो का? इथं चार-चार जणांना एकदम डोकवावं लागतंय, आन् मधी छबुवहिनींचं स्टूल."