सत्काराची शाल

आमच्या शेजारचे हरिहरपंत एका विमा कंपनीत कारकून होते. तरी पोर्तुगीजांना नमवायचं काम डोंबिवलीत त्यांनीच अंगावर घेतलं होतं. सरकारने गोव्याची नाकेबंदी केली, पैसे-पार्सलं पाठवणं बंद केलं, तेव्हा चौकातल्या सभेत त्यांनी दोन तास भाषण ठोकलं. "कांद्याची पातसुद्धा पलीकडे जाता कामा नये!" लोकांनी टाळ्या पिटल्या आणि त्यांच्या अंगावर जरीकाठाची शाल घातली. तेव्हापासून कुणाच्या बारशालाही ते ती पांघरून यायचे.

पोर्तुगीज नमले की नाही ठाऊक नाही. पण पलीकडे, गोव्यातल्या पेडण्याला, हरिहरपंतांच्या सासूबाई राहत होत्या. वैशाखातल्या वादळात त्यांच्या घराचं छप्पर उडालं, कपडे-पांघरुणं चिखलात गेली. दमेकरी म्हातारी शेजाऱ्यांच्या गोठ्यात पडून होती आणि पावसाळा तोंडावर आला होता. हद्दीअलीकडच्या बांद्याहून आलेल्या माणसाने हा निरोप सांगितला तेव्हा मंदाकिनी, म्हणजे हरिहरपंतांची बायको, पदर तोंडाला लावून रडली. मला फार राग आला. कुणाचा, ते विचारू नका.

मग सरकारला दया आली. वादळात सापडलेल्या नातेवाइकांना महिनाअखेरपर्यंत कपडे, पांघरुणं पाठवायला मुभा मिळाली. अट एकच, वस्तू वापरलेली हवी. नवी पाठवली तर तो व्यापार झाला! वापरल्याबद्दल घरच्या कर्त्या पुरुषाची सही आणि शेजाऱ्याची साक्ष लागणार होती.

मंदाकिनीने कल्याणच्या बाजारातून जाड ब्लँकेट आधीच आणून ठेवलं होतं. घरात होत्या त्या विटलेल्या गोधड्या, त्याही मुलांना पुरत नव्हत्या.

"खोट्यावर मी सही करणार नाही," हरिहरपंत म्हणाले.

"मग वापरा."

माणूस तत्त्वाचा. भर उन्हाळ्यात तीन रात्री ब्लँकेट पांघरून झोपला. अंगभर घामोळं उठलं. चौथ्या दिवशी मंदाकिनीने सही मागितली.

"अगं, तीन रात्रींत वस्तू जुनी होते का? माझं मन मानत नाही."

महिना संपत आला. एके सकाळी मंदाकिनीने खुंटीवरची शाल काढून त्यांच्यापुढे धरली.

"अहो, ही वापरलेली आहे ना?"

"अगं, ती माझ्या सत्काराची—"

"वापरलेली आहे की नाही, तेवढं सांगा."

मी दारातच उभी होते. म्हटलं, "साक्ष मी देते. आमच्या हेमाच्या बारशाला हिच्यावर कढी सांडली होती. डाग आहे अजून."

आता तत्त्वाच्या माणसाला पळवाट उरली नाही. पाठ खाजवत त्यांनी सही केली.

श्रावणात बांद्याचा तोच माणूस पुन्हा आला. सगळी चाळ गोळा झाली.

"आजी बऱ्या आहेत," तो म्हणाला. "शाल अंगावरून काढत नाहीत. गोठ्यात तेवढीच ऊब. फक्त एक विचारून यायला सांगितलंय. एवढी जरीची शाल म्हणजे जावईबापूंचा मोठा सत्कार झाला असणार. असं काय चांगलं काम केलं त्यांनी?"

सगळे हरिहरपंतांकडे बघू लागले. चौकात दोन तास घोटभर पाण्यावाचून बोललेला हा माणूस.

"मंदा, जरा पाणी आण," ते म्हणाले.

ती जागची हलली नाही.

"अहो, सांगा ना," ती म्हणाली. "आई वाट बघत असेल."